मेटावरचं घर, फक्त जोडप्यांसाठी

एका गडाच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात हरबा नावाचा एक भोळा राखणदार होता. राखायला त्याच्याकडे एकच घर होतं. गडाच्या वाटेवर मेट होतं, म्हणजे पूर्वीच्या पहारेकऱ्यांची चौकी, तिथलं तीनशे वर्षांचं दगडी घर. गावातल्या शकूकाकूंनी ते साफसूफ केलं, आत झोपाळा टांगला, चुलीवरच्या जेवणाची सोय केली आणि दारावर पाटी लावली, 'सुट्टीसाठी जुनं घर. फक्त जोडप्यांना.'

चुलीवरच्या जेवणाची सोय म्हणजे हरबाची बायको, सगुणा. भाकऱ्या तीच थापायची, गोधड्या तीच शिवायची, पाहुण्यांच्या आंघोळीचा बंबही तीच पेटवायची. त्या झोपाळ्यावर मात्र ती कधी बसली नव्हती. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर दोन दिवस म्हणून कुठे जाणं झालं नव्हतं. एकदा आपणही दोघांनी इथे पाहुण्यांसारखं राहावं, असं तिला फार वाटायचं. एक दिवस तिने ते काकूंना बोलून दाखवलं.

काकू म्हणाल्या, "या महिन्यात तीन जोडपी येणार आहेत. त्यातलं एक जरी हसत घरी गेलं, तर पुढचे दोन दिवस घर तुमचं. पण बाई, सगळं तुझ्या नवऱ्यावर आहे."

ते ऐकून सगुणा आधी देवळात जाऊन आली.

पहिलं जोडपं पुण्याचं होतं, लग्नाला आठ दिवस झालेलं. काकूंनी हरबाला बजावलं, "नवी माणसं आहेत. त्यांना एकटं सोडू नकोस."

हरबाने सोडलं नाही. दोघं झोपाळ्यावर बसली, हा मध्ये बसला. दोघं फिरायला निघाली, हा मधून चालला. त्यांनी बावन्न फोटो काढले आणि बावन्न फोटोंत मधोमध हरबा आला. दुसऱ्या दिवशी नवरी रडत माहेरी गेली.

काकू म्हणाल्या, "अरे गाढवा, दोघांच्या मध्ये जायचं नाही. काही झालं तरी नाही. लांबून बघायचं."

"बरं काकू," हरबा म्हणाला, आणि विसरायला नको म्हणून त्याने खांद्यावरच्या पंचाला गाठ मारली.

दुसरं जोडपं नाशिकचं. दोघं अंगणात थालीपीठ खात बसली होती. तेवढ्यात छपरावरून एक माकड उतरलं आणि दोघांच्या बरोबर मध्ये बसलं. माकडाने आधी बाईंचं थालीपीठ खाल्लं, मग साहेबांचं खाल्लं आणि मग साहेबांचा चष्मा घेतला.

"अहो, या ना इकडं!" साहेब ओरडले.

"मध्ये यायचं न्हाई असं सांगितलंय," हरबा कुंपणाजवळून म्हणाला. "पर मी बघतोय."

साहेब चष्म्याशिवाय घरी गेले. माकड चष्मा लावून गडावर गेलं.

काकू म्हणाल्या, "अरे शहाण्या, दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा दिसला की काठी घ्यायची आणि पार खाली रस्त्यापर्यंत पिटाळायचं."

"बरं काकू," हरबा म्हणाला आणि त्याने पंचाला दुसरी गाठ मारली.

तिसरं जोडपं म्हातारं होतं. एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांच्या बाई. मास्तरांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, म्हणून सगुणाने पुरणपोळी फक्त बाईंना वाढली. मास्तरांनी थोडा वेळ आमटीकडे बघितलं. मग नजर चुकवून त्यांनी हळूच बाईंच्या ताटातला एक तुकडा उचलला.

हरबाने काठी घेतली. मास्तर पुढे, हरबा मागे. हातात पोळीचा तुकडा धरून मास्तर थेट एसटीच्या थांब्यापर्यंत धावले आणि वर यायला काही केल्या तयार होईनात.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, ती बाई तीन तास एकटी बसलीय घरात. नवरा नसेल तर स्वागताचा हार घेऊन दारात बसायचं, कितीही वेळ लागो. तो आला की हार घालायचा, त्याला आत पाठवायचं आणि दार ओढून आपण आपल्या घरी जायचं. कळलं?"

"बरं काकू." तिसरी गाठ बसली.

मास्तर रागारागाने गेले. बाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. "चाळीस वर्षं सगळी शाळा यांना भिऊन पळायची," त्या म्हणाल्या. "आज हे पळाले. डोळ्यांचं पारणं फिटलं हो."

काकूंनी सगुणाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना तिची दया आली. "अर्धं जोडपं तर अर्धं जोडपं," त्या म्हणाल्या. "जा, दोन दिवस घर तुमचं."

सगुणाने लग्नातलं पातळ काढलं, केसांत अबोली माळली आणि पिशवी घेऊन ती मेटावर गेली. दारात हरबा उभा होता, हातात झेंडूचे दोन हार घेऊन. एक त्याने तिच्या गळ्यात घातला. "या बाई. प्रवास बरा झाला ना?"

सगुणा लाजली. तिला वाटलं, सोळा वर्षांनी का होईना, माणसाला थट्टा सुचली. ती आत जाऊन झोपाळ्यावर बसली आणि तिने हाक मारली, "अहो, या की आत."

"मी दारातच बरा. तुमचं यजमान येऊ द्यात आधी."

"अहो, माझे यजमान तुम्हीच न्हवं का?"

"ते घरी, सगुणा. हितं मी राखणदार."

आणि तो पायरीवर बसून रस्त्याकडे बघू लागला. चहा थंड झाला. सगुणाने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी ती एकटीच गरम पाण्याने न्हाली, एकटीच जेवली आणि पाय ताणून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. हरबा पायरीवरच होता. हातातला हार सुकला होता.

"काय रे, इथं काय करतोस?"

हरबा हळू आवाजात म्हणाला, "काकू, बाई लई गुणाची हाय. पर नवरा अजून आला न्हाई. मला तर तो बिनकामाचा दिसतोय."

आतून झोपाळा करकरला. सगुणा म्हणाली, "सोळा वर्षं हेच म्हणतेय मी."

"बघा," हरबा म्हणाला. "बाई बी तेच म्हणत्यात."

काकूंनी त्याच्या हातातला हार हिसकावला आणि त्याच्याच गळ्यात घातला. "हा घे. आला तिचा नवरा. आता तरी समजलं?"

हरबाने हाराकडे बघितलं. मग पंचाच्या तिन्ही गाठी एकेक करून चाचपल्या. त्याचा चेहरा उजळला.

"आला व्हय? मग मी निघतो. दोघांच्या मध्ये जायचं न्हाई."

त्याने दार अलगद ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि तो घरी गेला. संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून होता, सगुणा अजून भाकरी टाकायला कशी आली नाही म्हणून.