राणीचा शिक्का आणि तांबडी ज्वारी

फार फार वर्षांपूर्वी, किती ते मोजायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं, डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथे एक राणी राज्य करायची. राणी न्यायी होती, कष्टाळू होती, पण तिला एक खोड होती. तिला प्रश्न पडायचे.

सुगरण पक्ष्याला घरटं विणायला कोण शिकवतं? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? एकाच चिंचेची एक फांदी आधी फुलते आणि दुसरी मागून, ते का? दरबारी मंडळी राणीच्या तलवारीला भीत नसत, या प्रश्नांना भीत. प्रधान तर सकाळी देवापुढे हात जोडून म्हणायचा, देवा, आज राणीसाहेबांच्या नजरेला काही नवं पडू देऊ नकोस.

हसू नका. प्रश्न पडणं ही चांगलीच गोष्ट आहे. राणीचं चुकलं ते एकदाच, आणि तेही पहिल्याच उत्तरावर समाधान मानलं म्हणून.

त्याचं असं झालं. त्या मुलखात बी घेण्याची एक रीत होती. बी बघून बी कुणी घेत नसे. पीक बघून घेत. ज्याला बी हवं असेल त्याने कापणीआधी देणाऱ्याच्या शेतात जायचं, उभ्या पिकातून फिरायचं, त्याची ताटं हलवून बघायची, कोवळे दाणे चावून बघायचे, आणि मनाला आलेल्या कणसांना आपल्या घरचा दोरा बांधायचा. दोऱ्याची कणसं वेगळी खुडायची, वेगळी मळायची, आणि ज्याचा दोरा त्याला द्यायची. एक पायली बी घेतलं तर त्याच्या बदल्यात दोन पायल्या धान्य द्यायचं. इतका साधा व्यवहार होता.

एका वर्षी मात्र एका गावात लग्नसराई जोरात होती. बी देणाऱ्याचं शेत डोंगरावर, पण दोरा बांधायला तिथवर चढण्याची कुणालाच सवड झाली नाही. तेवढ्यात पेरणीच्या तोंडावर एक फिरता व्यापारी बैलांवर पोती लादून थेट दारात आला. त्याच्या ज्वारीचा दाणा टपोरा होता आणि चमकतही होता. गावाने ती घेतली, पेरली, आणि वाट बघितली. काही उगवलं नाही. ज्वारी जमिनीखालच्या कुठल्याशा पेवातली, जुनीपुराणी, मेलेली होती. वरून तेलाचा हात फिरवला होता, एवढंच. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

गाव रडत राणीकडे आलं. राणीला खरोखर वाईट वाटलं आणि रागही आला. तिने भरल्या दरबारात विचारलं, "चांगलं बी ओळखायचं कसं?"

प्रधान शेतात कधी गेला नव्हता, पण हुशार होता. त्याने एक चाळणी मागवली. "राणीसाहेब, चांगलं बी म्हणजे एका मापाचं, एका रंगाचं, स्वच्छ. या चाळणीवर जे राहील ते बियाणं. खाली पडेल ते नुसतं धान्य. बियाण्याच्या पोत्यावर आपला शिक्का मारावा. बिनशिक्क्याचं बी कुणी विकू नये, बदलू नये, कुणाला देऊही नये."

राणीला हे पटलं. एरवी एका उत्तरावर चार प्रश्न विचारणारी राणी त्या दिवशी गप्प राहिली, कारण समोर माणसं रडत होती आणि तिला त्यांच्यासाठी लवकर काहीतरी करायचं होतं. दवंडी पिटली गेली, हुकूम मोडेल त्याचं शेत जप्त होईल, हेही सांगितलं गेलं. लोकांनी राणीला दुवा दिला.

आता डोंगरावर जाऊ. तिथे पारूआत्या राहायची. ती एकटी होती आणि साऱ्या पंचक्रोशीची आत्या होती. तिचं शेत एवढंसं, खडकाळ. नुसत्या धान्यावर तिचं वर्ष निघालं नसतं, पण तिच्या बियाला मागणी होती आणि बदल्यात मिळणाऱ्या दुप्पट धान्यावर तिची चूल पेटायची.

तिच्याकडे दोन जाती होत्या. एक पांढरी ज्वारी, वेळेवर पेरली तर भरभरून देणारी. दुसरी तांबडी, बारीक दाण्याची. ती द्यायची थोडं, पण झटपट पिकायची. पेरणीची वेळ टळली, पहिलं पीक बुडालं, तर मागून पेरूनही हाती लागायची. अशी पाळी नेहमी येत नाही, म्हणून तांबडीला दोरा बांधणारी घरं थोडीच असत. तरीही आत्या दर वर्षी तिच्यासाठी शेताचा एक तुकडा राखायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "माझ्या सासूनं राखली व्हती."

दवंडी ऐकून आत्या दोन्ही जातींचं बी घेऊन राजधानीला आली. शिक्क्याच्या कचेरीपुढे रांग होती. तिची पाळी आली तेव्हा कारकुनाने पांढरी चाळणीवर ओतली आणि नाक मुरडलं.

"यात राख आहे."

"कीड लागू नये म्हणून घातलीया, साहेब."

"राख म्हणजे घाण. शिवाय दाणे लहानमोठे आहेत." मग त्याने तांबडी ओतली. चाळणी हलवली आणि एकूण एक दाणे भोकांतून खाली गेले. कारकून रिकाम्या चाळणीकडे बघत म्हणाला, "हे तर चाळणीवर राहतच नाही. हे बियाणंच नव्हे."

"मग आमी त्याचं काय करू?"

"खा. खायला बंदी नाही."

आत्याने खाली पडलेले दाणे पुन्हा पदरात भरले. "म्हंजे ह्योच दाणा माझ्या पोटात गेला तर चालंल, आन् शेजारणीच्या शेतात गेला तर गुन्हा?"

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यालाही हा प्रश्न जरा विचित्रच वाटला. पण मागे रांग होती आणि चाळणीला प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. त्याने पुढच्याला हाक मारली.

आत्या घरी परतली. दोरे बांधून गेलेली माणसं पेरणीआधी आली, तेव्हा तिने हात जोडले. "देऊ कशी? तुमचं बी जप्त व्हईल, आन् माझं शेत जाईल." माणसं डोंगर उतरली आणि शिक्क्याचं बियाणं घ्यायला गेली. आत्याच्या घरी त्या वर्षी बदल्याचं धान्य आलं नाही.

शिक्क्याचं बियाणं कुठून आलं, ते ऐकण्यासारखं आहे. त्या फिरत्या व्यापाऱ्यालाही दवंडी ऐकू गेली होती. त्याने काय करावं? राणीच्या चाळणीसारखी चाळणी बनवून घेतली. मेलेली जुनी ज्वारी तिच्यातून चाळली, पुसली, चमकवली आणि पोती भरून कचेरीत आणली. एका मापाची, एका रंगाची, स्वच्छ. चाळणी जिवंत आणि मेलेलं ओळखत नाही. पोत्यांमागून पोत्यांवर धडाधड शिक्के बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, फक्त इथे चोराला वर मानाची शालही मिळाली.

सगळीकडे पेरण्या झाल्या. इकडे राणीची जुनी खोड जागी झाली. आपल्या शिक्क्याचं बी उगवतं कसं, कोंब आधी वर येतो की मूळ आधी खाली जातं? तिने मूठभर बी मागवलं, तुळशीजवळच्या वाफ्यात स्वतः पेरलं, आणि रोज सकाळी वाफ्याशी वाकून बसू लागली.

कोंबही आला नाही आणि मूळही गेलं नाही. आठवडा उलटल्यावर राणीने माती उकरली. दाणे जिथल्या तिथे कुजले होते. तेवढ्यात गावोगावची माणसं वाड्याच्या दाराशी जमली. सगळ्यांत पुढे पहिल्या वर्षी फसलेलंच गाव होतं.

राणीने विचारलं, "बी कुणी दिलं?"

"त्योच मानूस, राणीसाहेब. गेल्या सालचाच."

"ओळखलंत, तरी घेतलंत?"

म्हातारा पाटील खाली बघत म्हणाला, "या खेपेला पोत्यावर तुमचा शिक्का व्हता."

राणीने व्यापाऱ्याच्या मागे स्वार धाडले, पण तो केव्हाच हद्दीपार झाला होता. पेरणीची खरी वेळ टळून गेली होती. आता या दिवसांत पेरून हाती येईल असं बी राज्यात कुणाकडे आहे? राणीने तोच प्रश्न सगळ्यांना विचारला आणि सगळ्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं.

राणी निघाली. पालखी वर जाईना, तेव्हा चालत निघाली. वर पोचेपर्यंत ती घामाघूम झाली होती आणि भुकेने तिचा जीव कासावीस झाला होता. आत्या दाराशीच बसली होती. पाहुणा कोण ते तिने ओळखलं, पण आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा. वाईच भाकरी खावा, मग बोला."

आत्याने तव्यावरची भाकरी राणीच्या ताटात वाढली, वर लसणाची चटणी दिली. भाकरी लालसर होती, मऊ होती. अशी गोड भाकरी राणीने कधी खाल्ली नव्हती. शेवटचा तुकडा तोंडात टाकता टाकता तिने इकडेतिकडे पाहिलं, तर आढ्याला कणसांच्या जुड्या टांगल्या होत्या आणि त्यांना रंगीबेरंगी दोरे होते.

"हे दोरे कसले, आत्या?"

आत्याने रीत सांगितली. राणी ऐकत राहिली, मध्येमध्ये विचारत राहिली. दाणा चावून काय कळतं? पिकाचं ताट हलवून काय बघतात? बी वाईट निघालं तर लोक काय करतात? आत्या म्हणाली, "काय करत्यात? पुढल्या साली दोरा बांधाय येत न्हाईत. मग आमी खावं काय?"

"आता पेरायला मला बी हवंय. सगळ्या गावांसाठी. ही कणसं द्याल?"

"न्या की. पर ही पांढरी. आता पेरली तर ताटं व्हतील, दाणा भरायचा न्हाई. या दिसांत पेराय तांबडीच पायजे."

"मग तांबडी द्या. कुठे आहे ती?"

आत्याने राणीच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"दाणं सरलं, राणीसाहेब. पांढरीला दोरं लई, म्हनून तिला हात लावला न्हाई. तांबडीला इचारणारी घरं थोडी, त्यात द्यायची बंदी, म्हनून औंदा ती पेरलीबी न्हाई, आधी तीच खाल्ली. ऱ्हायलेली आज सकाळी दळली." मग ती हळूच म्हणाली, "तुमच्याच मानसानं सांगितलं व्हतं, खा म्हनून."

राणीला रडू फुटलं आणि ते तिने लपवलं नाही. आत्याही रडली. पाहुण्याला जेवू घातल्याचं दुःख व्हावं, असा प्रसंग तिच्या घरात पूर्वी कधी आला नव्हता.

राणीने चारी दिशांना माणसं धाडली. कुणाच्या गाडग्यात, कुणाच्या कणगीच्या तळाशी, कुठे मूठभर तांबडी आहे का? जिथे जिथे होती तिथे तिथे तिचं एकच झालं होतं. द्यायची बंदी, म्हणून खाऊन संपली होती.

लोकांनी मग पांढरीच पेरली. ताटं वाढली, गुरांना वैरण झाली, पण कणसं पोचट राहिली. राणीने आपली कोठारं उघडली. माणसं जगली, पण सगळ्या राज्याने ते वर्ष अर्ध्या पोटी काढलं, आणि राणीच्या पंगतीलाही तेवढंच वाढलं गेलं.

पुढच्या वर्षी नवी दवंडी पिटली गेली. जो पिकवतो त्याने आपलं बी खुशाल राखावं, द्यावं, बदलावं, विकावं. ज्याला शिक्का हवा त्याने शिक्का घ्यावा, पण शिक्का नाही म्हणून कुणाला अडवू नये. अट एकच, बी देणाऱ्याने कापणीआधी आपलं शेत सगळ्यांना फिरायला मोकळं ठेवावं, आणि घेणाऱ्याने आळस न करता तिथवर जावं. आत्याच्या शेतात त्या वर्षी इतकी माणसं आली की कणसांपेक्षा दोरेच जास्त दिसत होते, आणि त्यांत एक दोरा राणीचा होता.

आत्याने शेताचा एक तुकडा मात्र नांगरून तसाच रिकामा ठेवला होता. राणीने विचारलं, "इथे काय पेरणार?" आत्या म्हणाली, "काय पेरू?" तांबडी त्या राज्यात पुन्हा कधी उगवली नाही.

तात्पर्य: बी राखणाऱ्याचे हात बांधले, की आज ना उद्या साऱ्यांचंच ताट रिकामं होतं.