लाल भाताची पेवं

फार मागे, राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत अशा काळात, एका नदीच्या काठी एक गाव होतं. गावची जमीन चिखलाची आणि ओलसर. तिथे लाल भात पिकायचा, तसा भात दुसरीकडे कुठेच होत नसे. पण त्याच ओलीमुळे घरात ठेवलेलं धान्य चार महिन्यांत बुरसायचं.

म्हणून गावकरी आपलं धान्य डोंगरावरच्या राज्यात नेऊन ठेवत. तिथे खडकात कोरलेली पेवं होती, धान्य साठवायची कोरडी भुयारं. वर्षानं धान्य काढायला गेलं की चार पोत्यांची पाच पोती मिळत. गाव खूश होतं. चाराची पाच कशी होतात, हे कुणी विचारत नव्हतं.

डोंगरावरच्या राजानं जंगल तोडायला काढलं होतं. लाकूड दूरदेशी विकायचं आणि खजिना भरायचा, एवढीच त्याची राजनीती. पहिल्या वर्षी डोंगराच्या वाहून आलेल्या मातीनं नदी थोडी गढूळ झाली. दुसऱ्या वर्षी ती हिवाळ्यातही गढूळच राहिली.

गावात भोयांचं एकच घर होतं. बाप आणि त्याची लेक गोजरा. गावाखालच्या डोहातले मासे धरून ते पोट भरत. बाप दरवर्षी बांबू टाकून डोहाची खोली बघायचा. पूर्वी तीन बांबू बुडायचे. त्या वर्षी एकच बुडाला.

"डोह गाळानं भरत चाललाय," बाप म्हणाला. "डोह गेला की मासे गेले. मग आपण इथं राहून करायचं काय?"

गोजरा सुकट विकायला डोंगरावर गेली. लाकूडतोडे जेवायला बसले होते. त्यांच्या पानात लाल भात होता.

"हा आमच्या गावचा भात," ती म्हणाली. "तुम्हाला कुठं मिळाला?"

"पेवातनं येतो," एक म्हातारा लाकूडतोड्या म्हणाला. "राजाचं स्वतःचं शेत कुठं आहे, बाय? तुम्ही ठेवता, तो आम्हाला खाऊ घालतो. लाकूड विकलं की त्यातनं धान्य घेतो, तुमचं तुम्हाला वाढवून देतो. हे पेव नसतं तर उपाशी पोटी कुऱ्हाड कुणी उचलली असती?"

गोजरानं सुकट विकली नाही. टोपली तशीच घेऊन ती धावत खाली आली.

चावडीत गाव जमलं. ती म्हणाली, "आपल्या नदीला आपलंच धान्य मारतंय. सगळ्यांनी पेवातलं धान्य काढून घ्या. नवं ठेवू नका. लाकूडतोडे जेवलेच नाहीत तर झाडं तोडतील कशी?"

"पण पाचवं पोतं?" एकानं विचारलं.

"आपण काढलं तर दुसरं गाव ठेवील," दुसरा म्हणाला. "आपणच तेवढे मूर्ख ठरू."

"घरात ठेवून बुरसवायचं का मग?"

"कोरड्या माळावर आपली पेवं खणू," गोजरा म्हणाली. "पाचवं पोतं मिळणार नाही. पण काका, पाचवं पोतं खाऊन तुम्ही पाणी कुठलं पिणार आहात?"

 एक एक करून माणसं उठली आणि म्हणाली, पोरीचं बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाचं एकमत झालं. असं त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. गोजराला रडू आलं.

आता ऐका, पुढे काय झालं ते.

त्या गावात मानाशिवाय कशाचीच सुरुवात होत नसे. नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली रेघ, पाटलाचं. देवीच्या पालखीला पहिला खांदा पाटलाच्या हाताखालच्या चौगुल्याचा. मग पेवातलं पहिलं पोतं कुणी काढायचं?

"धान्याचं काम म्हणजे शेताचं काम," पाटील म्हणाला. "मान माझा."

"पोतं खांद्यावरून आणायचं ना?" चौगुला म्हणाला. "खांद्याचा मान आमच्या घराचा. तुमचे आजोबा असते तर त्यांनी हे कबूल केलं असतं."

"आमच्या आजोबांना मध्ये आणू नका."

वाद मिटेना. पाच गावचे पंच बोलावले. ते आले, जेवले, विचार करून सांगतो म्हणाले. मग सुगी आली, मग लग्नसराई. सहा महिने गेले. कुऱ्हाडी चालूच होत्या. सुगीत नवा भात पिकला तेव्हा निवाडा होईपर्यंत म्हणून लोकांनी तोही नेऊन पेवात ठेवला.

भोयाला राहवेना. तो आणि गोजरा डोंगरावर गेले आणि त्यांनी मासे देऊन मिळवलेलं आपलं एकुलतं एक पोतं परत मागितलं. पेवाचा रखवालदार गोड हसला. "न्या की. एक पोतं गेलं तर पेवाला काय कळतंय? परत ठेवावंसं वाटलं तर या."

ते पोतं घेऊन गावात शिरले, तेव्हा पाटील आणि चौगुला पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

"मान मोडलास," पाटील म्हणाला.

"भोयानं पहिलं पोतं काढलं म्हटल्यावर," चौगुला म्हणाला, "आता आम्ही त्याच्या मागनं जायचं?"

पेवांवर बहिष्कार टाकायला ज्या गावाला सहा महिने पुरले नाहीत, त्या गावानं भोयाच्या घरावर एका संध्याकाळी बहिष्कार टाकला. त्यांचे मासे कुणी घेईना. विहिरीवर गोजराला पाहून बाया घागरी उचलून निघून जात. त्यांतल्या कितीतरी जणींनी चावडीत तिला हो म्हटलं होतं.

"आपण चुकलो का, आबा?" तिनं विचारलं.

"नाही," बाप म्हणाला. "पण आपण दोघंच आहोत."

श्रावणात अकरा दिवस पाऊस थांबला नाही. डोंगर उघडा पडला होता, माती धरून ठेवायला मुळं उरली नव्हती. बाराव्या दिवशी अर्धा डोंगर नदीतून खाली आला. डोह बुजला. शेतांवर पुरुषभर गाळ बसला. लाल भाताचं एक रोप दिसेना.

मग भूक आली. भूक आली त्या दिवशी पहिलं पोतं कुणाचं हे कुणी विचारलं नाही. पाटील चिखलातून अनवाणी धावला, चौगुला त्याला कोपरानं ढकलत धावला, सारं गाव पेवांवर कोसळलं. पेवांत सगळ्यांचं धान्य नव्हतंच. बरंचसं लाकूडतोड्यांनी खाल्लेलं होतं. अर्ध्या गावाला थोडं मिळालं, अर्ध्याला काहीच नाही. दुपारपर्यंत पेवं झाडून रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांना जेवण मिळालं नाही. त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि ते आपापल्या गावी निघाले. वाटेत तो म्हातारा गोजराला भेटला.

"तू गावात म्हणालीस म्हणे, तसंच झालं, बाय," तो म्हणाला. "एका दिवसात थांबलं."

"डोंगरावर झाडं किती राहिलीत?" तिनं विचारलं.

 म्हातारा खाली बघत पुढे गेला.

बाप-लेक त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. कुठे, ते कुणाला माहीत नाही. त्यांना निरोप द्यायला कुणी आलं नाही. नदी अजून आहे म्हणतात, पण तिच्यातून पावसाळ्यात चिखल वाहतो आणि उन्हाळ्यात काहीच वाहत नाही.

तात्पर्य : अन्यायाला आपल्याच हातानं खाऊ घालणारे लोक हात मागे घ्यायला पहिला कोण याची वाट पाहत बसले, तर हात रिकामे होईपर्यंत अन्याय थांबत नाही, आणि थांबतो तेव्हा वाचवण्याजोगं काही उरलेलं नसतं.