आवडीची टिचकी

निवळखोलात अजून कौलं आली नव्हती, घरं पेंढ्यानं शाकारत होते, त्या काळची ही गोष्ट. नेमकं साल विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि जाताना मागे ठेवून गेले ते फक्त आवडी गवंडिणीचं नाव.

खाली समुद्र आणि वर तांबडा कातळ, असं हे गाव. कातळ खणायचा, चिरा काढायचा, भिंत रचायची. पण खाणीतून नुकता निघालेला चिरा ओला असतो, मऊ असतो. त्याला एक उन्हाळा उघड्यावर ठेवावा लागतो, मग तो घट्ट होतो. कुणीतरी घाईनं रचलेल्या अशाच एका ओल्या भिंतीखाली आवडीचा नवरा गेला. भिंत त्यानं बांधलेली नव्हती. तो बिचारा नुसता तिच्या सावलीत भाकरी खायला बसला होता.

तेव्हापासून आवडी गावातल्या प्रत्येक चिऱ्याला टिचकी मारून बघू लागली. पक्का चिरा खणखणीत वाजे, कच्चा भद्द वाजे. पुढं पुढं तर तिनं नुसता कान लावला तरी भिंत तिच्याशी बोले, असं म्हणतात. चुन्यात माती किती, वासा कुठं पोखरलाय, कोणता गवंडी दुपारी काम टाकून कुठं झोपला होता, सगळं भिंत तिला सांगे. दहा गावचे गवंडी तिला वचकून असत.

त्याच गावात द्वारका नावाची बाई होती. तिच्या सुनेला, सुंद्रीला, दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. मागच्या गळक्या पडवीत बाळंतपणं व्हायची, वारं घोंघावत आत शिरायचं. आता तिसऱ्या वेळी दिवस राहिले, तेव्हा द्वारकेनं ठरवलं, पडवी पाडायची आणि सुनेला नीट बाळंतिणीची खोली बांधायची. गावचा गवंडी म्हणाला, "चिरे उन्हाळाभर तापू देत, मग बगू." पण बाळ माघात येणार होतं. ते उन्हाळ्याची वाट थोडंच बघणार?

मग बंदरावरून एक मुकादम आला. डोक्याला जरीचं पागोटं, जिभेवर साखर. "वीस दिवसांत खोली उभी करतो, वयनी," तो म्हणाला. "तुळई फणसाची घालतो. नातवंडाची नातवंडं खेळतील खाली." द्वारका भुलली. तरी तिनं भीत भीत विचारलं, "एकदा आवडीला दाखवू का चिरे?"

मुकादम हसला. "बाळंतिणीच्या खोलीला विधवेचं बोट लावणार, वयनी? आधीच दोन गेलीत ना?"

द्वारकेनं पुन्हा आवडीचं नाव काढलं नाही. बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती, आणि हे त्या मुकादमाला चांगलं कळलं होतं.

विसाव्या दिवशी खोली तयार झाली. पांढरीशुभ्र भिंत, तुळईला लाल काव. सगळं गाव बघून गेलं, आवडी तेवढी आली नाही, कारण तिला कुणी बोलावलंच नाही. त्याच दुपारी सुंद्रीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिला नव्या खोलीत निजवलं, सुईण आत गेली. मुकादम मानाचा नारळ घ्यायला अंगणात थांबला होता.

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन आवडी मागच्या पाणंदीनं चालली होती. जाता जाता तिचं बोट सवयीनं भिंतीला लागलं. भारा तिथंच पडला. धावत ती अंगणात आली.

"द्वारके, पोरीला भायेर काढ! चिरा ओला हाय गो, चुन्यात माती हाय. तुळई फणसाची न्हाय, सावरीची हाय, मऊ लाकडाची!"

"आजच्या दिवशी तरी तोंड दाखवायचं नव्हतंस!" द्वारका ओरडली.

 आवडी मुकादमाकडे वळली. "तुझ्या हातची भिंत ना? मग नारळ आत बसून घे."

मुकादम उंबऱ्यापर्यंत गेला. त्यानं वर तुळईकडे बघितलं आणि पाऊल मागे घेतलं. द्वारकेनं ते पाऊल बघितलं.

आतून सुईण म्हणाली, "डोकं दिसतंय. आता हिला हलवता यायची न्हाय." आणि तेव्हाच भिंतीवरून चुन्याचा पहिला पोपडा गळून पडला.

नवरा गेल्यापासून आवडीनं कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कुणी टाकू दिलं नव्हतं. भिंत फाटत होती, तरी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "द्वारके, येव मी आत?"

 द्वारकेनं आवडीचा हात धरला आणि तिला आत ओढलं.

आवडीनं दोन्ही तळवे भिंतीला लावले. "थांब गो माय," ती म्हणाली. "एक जीव येतोय. तेवढा येव दे."

भिंत थांबली, असं म्हणतात. वरून उतरत आलेली भेग आवडीच्या बोटांपाशी आली आणि तिथंच राहिली. तुळई मधोमध वाकली आणि तशीच तरंगत राहिली. ऊन तुळशीवरून विहिरीपर्यंत सरकलं, आवडी हलली नाही. तिचे तळवे चिऱ्यात असे रुतले, जसे ओल्या मातीत पाय रुततात. मग बाळ रडलं. बाजेसकट मायलेकींना बाहेर काढलं. सगळ्यांत शेवटी आवडीनं हात सोडवले, भिंतीला म्हणाली, "जा आता," आणि उंबरा ओलांडला. तिच्या पाठीमागं अख्खी खोली खाली बसली. तिच्या पदराला धूळसुद्धा लागली नाही, असं म्हणतात.

मुकादम कधी पळाला ते कुणी बघितलं नाही. त्याचं नाव गावानं ठरवून टाकून दिलं, म्हणून ते या गोष्टीत नाही.

द्वारकेनं मुकादमासाठी आणलेला नारळ उचलला आणि सगळ्या गावादेखत आवडीची ओटी भरली. विधवेची ओटी कुणी भरत नसे. बायका बघत राहिल्या. "चुकले गो मी," द्वारका म्हणाली आणि आवडीच्या पायांशी बसून पोटभर रडली. नातीचं नाव तिनं आवडी ठेवलं. पुढल्या उन्हाळ्यात चिरे तापवून त्याच जागी खोली बांधली, आणि पहिला चिरा आवडीनं ठेवला.

दोन तळवे उमटलेला तो जुना चिरा आजही गावाच्या वेशीवर आहे. पावसाळ्यात त्या खळग्यांत पाणी साठतं आणि चिमण्या पितात. आता गावात सिमेंट येतं, ट्रकनं विटा येतात, शहरातून ठेकेदार येतात. पण घर नवं असो की जुन्याची डागडुजी, निवळखोलात आधी गावातल्या एखाद्या विधवेला मानानं बोलावतात. तिची ओटी भरतात. मग ती आलेल्या मालाला टिचकी मारते आणि कान देते. काम पुरं झाल्यावर ठेकेदाराला नारळ मिळतो तोही आत, त्यानंच घातलेल्या छपराखाली बसवून. आणि सुरुवातीला, माल पक्का वाजून ती बाई "बोलला" असं म्हणेपर्यंत, कितीही मोठा ठेकेदार असला तरी तो अंगणात उभा राहतो.