घंगाळातले दहा शिंपले

कुरवाड्याच्या खाडीकाठी बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, एक छोटे सिनेगॉग आहे. दाराशी तांब्याचे घंगाळ आणि वर कोनाड्यात शिंपल्यांची रास. शनिवारी सकाळी येणारा प्रत्येक जण, बाई असो वा पुरुष, एक शिंपला घंगाळात टाकतो आणि मागे न पाहता आत जातो. दहा शिंपले पडले की प्रार्थना सुरू होते. पाहुणे आले की इथले राखणदार रूबेनकाका आधी बजावतात, "बाकांवरची माणसं मोजू नका." मग कारण सांगतात.

फार वर्षांपूर्वी इथे घाण्यावर तेल गाळणारी बारा घरे होती, म्हणे. हसाजी त्यांचा मुकादम, मोठा कडक माणूस. दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना नाही, हा त्याचा दंडक. मोजायचे तेही दहा शब्दांच्या एका वचनावर, माणसामागे एक शब्द. दाविद राजाने प्रजा मोजली आणि मरी आली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या आणि एकेक घर उठू लागले. एका शनिवारी वचनाचा शेवटचा शब्द उरला आणि माणसे संपली. हसाजीचे डोके फिरले. "बघतोच कोण उरलंय," म्हणत त्याने बोट रोखले. दाराजवळच्या बाकावर चौघे होते, त्यांत पहिला त्याचाच धाकटा भाऊ एलोजी. एक, दोन करत शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तो म्हणाला, "नऊ." माडीवर बायकांत बसलेली त्याची बायको शेगुलाबाई उठून कठड्याशी आली.

गुरुवारी एलोजीच्या काखेत गाठ आली, शुक्रवारी तो गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा, बोट फिरले त्याच क्रमाने. मेलेल्यासाठी म्हणायचा कादीश दहा जणांवाचून होत नाही, म्हणून तोही राहिला. शेगुलाबाई नवऱ्याला जेवायला वाढी आणि तिला त्याचा तो नऊचा आकडाच आठवे. अखेर तिने एलियाहू हानाबी या संदेष्ट्याला नवस बोलला: या प्रार्थनाघरात पुन्हा कुणाचे डोके मोजणार नाही, पण माझा माणूस राख.

पुढच्या शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिने खाडीतले शिंपले आणून ठेवले. सकाळी उरलेल्या पाच पुरुषांनी एकेक घंगाळात टाकला. बोटाच्या क्रमातला पाचवा तापाने फणफणत आला होता. मग शेगुलाबाईने टाकला आणि तिच्यामागून त्या चौघांच्या विधवांनी.

हसाजी उठला. "बायकांचे धरत नाहीत. काढ तुझा."

"तुम्हीच काढा," ती म्हणाली. "त्यातला माझा कोणता, तेवढं सांगा."

हसाजीने घंगाळात हात घातला, पण सगळे शिंपले सारखेच. मग भावाचे नाव घेऊन त्याने कादीश सुरू केला आणि त्याला रडू फुटले. पाचव्याचा ताप त्याच दिवशी उतरला आणि हसाजी म्हातारा होऊन गेला, असे सांगतात.

गावात आता तीनच घरे आहेत. तरी आजही दर शनिवारी घंगाळात दहावा शिंपला वाजतो.

परवा एका पाहुण्याने बाकांकडे पाहिले आणि त्याचे बोट नकळत वर गेले. "काका, पण इथं तर सहाच..."

रूबेनकाकांनी त्याचा हात हळूच खाली घेतला. "मोजू नका, साहेब. आणि दाराजवळच्या त्या रिकाम्या बाकावर बसू नका. शिंपला तिथं बसणाऱ्यांनीही टाकलाय."