कल्हई उडालेले घंगाळ

फार पूर्वी वत्सपुरात धृतसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राणीच्या स्नानगृहाचा प्रमुख होता. रिठे फोडून बिया काढाव्या, शिकेकाई आणि आवळकाठी कुटावी, सगळे रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर उकळावे आणि गाळावे. न्हाऊन झाल्यावर केस मऊ राहावेत म्हणून जास्वंदीच्या पानांचा चीक चोळावा, हे त्याने दासींना शिकवले होते. पहिला तांब्या तो स्वतःच्या डोक्यावर ओतून पाही. त्याचे केस कमरेपर्यंत होते. नगरात त्या केसांवरूनच त्याला ओळखत.

मंजरिका नावाची दासी तिथे नवी होती. वसंतोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी तिला रोजचे मातीचे मडके फार साधे वाटले. तिने तांब्याचे मोठे घंगाळ चिंचेने लख्ख घासले आणि त्यात सगळे भिजत घातले. आतली कल्हई उडाली आहे, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

सकाळी बोधिसत्त्वाने ते पाणी तळहातावर घेतले. त्यावर हिरवट झाक होती. जिभेला लावताच रिठ्याच्या कडूपणाआडून पाण्यात उतरलेल्या तांब्याची चव लागली.

"कळकलंय," तो म्हणाला.

जुनी दासी बकुला मंजरिकेकडे वळली. "अगं नटवे, न्हायचं राणीला होतं की घंगाळाला?"

मंजरिकेचा हात आपल्या अंबाड्याकडे गेला. राणीचे न्हाणे बिघडवणाऱ्या दासीचे केस कापून तिला वेशीबाहेर घालवीत, आणि वेशीबाहेर तिचे कोणी नव्हते.

बकुला बोधिसत्त्वाला हळूच म्हणाली, "स्वामी, वरून ताज्या रिठ्याचा फेस सोडा. रंग दिसायचा नाही. डोळे चुरचुरले तर म्हणू, रिठा लागला. अहो, उत्सवात राणीच्या केसांची वाहवा झाली तर राजा तुम्हाला गाव देणार आहे!"

"आणि चुरचुरणारे डोळे कोणाचे?"

"राणीचे."

"मग ते गाव मला नको."

तो राणीकडे गेला. मंजरिका पडद्याआड उभी राहून ऐकू लागली.

"आज न्हाणं होणार नाही, देवी. पाणी कळकलंय."

"कोणी केलं हे?"

"भांड्यांची कल्हई पाहणं माझं काम. दोन महिने मी ती पाहिली नाही."

"मी विचारते आहे, हात कोणाचा होता?"

"कल्हईविना पाणी कळकतं, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. शिक्षा ठाऊक असणाऱ्याला द्यावी."

राणीने कात्री मागवून एका दासीच्या हाती दिली. बोधिसत्त्व मान खाली घालून बसला. पहिली बट जमिनीवर पडली, तशी मंजरिका पडद्याबाहेर आली. तिने आपला अंबाडा सोडला आणि त्याच्या शेजारी बसली.

"हात माझा होता, देवी."

राणीने दासीच्या हातून कात्री काढून घेतली. "दोघंही शिक्षा मागून घेता. मग मी ती कोणाला देऊ?"

त्या दिवशी राणी न धुतलेल्या केसांची साधी गाठ बांधून उत्सवाला गेली. कोणी वाहवा केली नाही. गावही मिळाले नाही. पण केस कापण्याची रीत तिथेच संपली.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ते सभेला म्हणाले, "तेव्हाची बकुला आज श्राविका काली झाली आहे. मंजरिका ती भिक्षुणी सोमदत्ता. राणी ती तुमच्यात बसलेली वृद्ध उपासिका यशोमती. आणि स्नानगृहाचा प्रमुख मीच होतो. आपल्या चुकीपुढे दुसऱ्याला उभे न करणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."