गारबुरशी आणि छतातले भोक

उंच उंच झाडांच्या एका जंगलात, पार शेंड्याजवळ घरटे बांधून, एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिला एकच पिल्लू होते आणि त्याचे डोळे नुकतेच कुठे उघडले होते.

मुलांनो, त्या जंगलातल्या झाडांचे शेंडे एकमेकांत असे गुंतले होते, आणि त्यांच्यावर वेलींचे असे दाट छत पसरले होते, की खाली कधी ऊन पडतच नसे. भर दुपारीही खाली हिरवट, मऊ उजेड असे. बेडकांची अंडी डबक्यात सुखाने वाढत, भेकराची पाडसे उघड्यावर लोळत. ऊन ठाऊक होते ते शेंड्यापर्यंत जाणाऱ्या शेकरूसारख्यांनाच, कारण ती अधूनमधून छताच्या वर डोकावून येत. बाकीच्यांना छताची आठवणही नसे. जे रोज डोक्यावर असते, त्याच्याकडे कोण बघतो?

एका वर्षी उकाडा फार झाला. तेव्हा कोल्ह्याला एका कुजक्या ओंडक्याखाली पांढरी बुरशी सापडली. तिचा तुकडा बिळात ठेवला की बीळ गारेगार राही आणि साठवलेले खाणे नासत नसे. तिला वास नव्हता, विष नव्हते. चाटली तरी काही होत नसे. सगळे तिला गारबुरशी म्हणू लागले. कोल्ह्याने ती वाढवली आणि घरोघर वाटली. बदल्यात प्रत्येक जण त्याच्या दारात मासा, अंडे, निदान चार बोरे तरी आणून टाकी. शेकरूनेही आपल्या घरट्यात गारबुरशीचा थर दिला. पिल्लू शांत झोपू लागले आणि तिने कोल्ह्याला मनापासून दुवा दिला.

मग एके दिवशी छताला भोक पडले.

आधी ते पानाएवढे होते, बघता बघता डबक्याएवढे झाले. त्यातून ऊन सरळ खाली उतरले. बेडकांची अंडी काठावर वाळून गेली. एका पाडसाच्या पाठीची कातडी सोलून निघाली, आणि त्याच्या आईला कळेना की त्याला चावले तरी काय. सगळे जंगल हबकून गेले. गवा सर्वांत थोर, म्हणून त्याने डबक्याकाठी सभा बोलावली. शेकरू जवळच्या झाडाच्या खालच्या फांदीवर येऊन बसली.

सभेत जितकी तोंडे तितकी कारणे निघाली. अस्वल म्हणाले, हा पलीकडच्या डोंगरावरच्या वणव्याच्या धुराचा प्रताप. मोराचे म्हणणे, यंदा सूर्यच जास्त तापला आहे. कावळ्याने शपथेवर सांगितले की अशी भोके त्याच्या आजोबांच्या वेळीही पडत आणि आपोआप बुजत. कुणीतरी वानरांकडे बोट दाखवले, कारण फांद्या मोडायची त्यांची खोड सर्वांना माहीत होती. शेवटी एक म्हातारे कासव चाचरत म्हणाले की गारबुरशी आल्यापासूनच हे सुरू झाले, तेव्हा तिचाही विचार व्हावा.

कोल्हा रागावला नाही. त्याने गारबुरशीचा एक ढेकळासारखा तुकडा उचलून डबक्यात टाकला. तुकडा टपकन तळाशी गेला.

"बघा," तो म्हणाला. "हिला साधं पाण्यावर तरंगता येत नाही. ही शेंड्यावर चढून पानं खाणार?"

सभेत हशा पिकला. कासवाने मान आत ओढून घेतली. मग कोल्हा शेकरूकडे वळला.

"शेकरूताई, छताशेजारी तुझंच घर. तुझ्या घरट्यात बुरशी आहे ना? पिल्लू कसं आहे?"

अलीकडे वरची पाने पिवळी पडत होती आणि त्यांच्यावर पांढरा थर बसत होता, हे शेकरूने पाहिले होते. पण तो थर कसला, ते तिला नक्की माहीत नव्हते. शिवाय गारबुरशी टाकायची म्हणजे पिल्लाने पुन्हा रात्रंदिवस तळमळायचे. ती एवढेच म्हणाली, "छान आहे."

"झालं तर मग," कोल्हा म्हणाला. "पुरती खात्री होईपर्यंत उगाच कुणी आपली बिळं तापवून घेऊ नयेत."

सभेने ठरवले की पुढच्या ऋतूत पुन्हा बसू आणि तोवर वानरांना शेंड्यावर चढायची बंदी. आपण काय केले ते वानरांना शेवटपर्यंत कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेकरू फळे शोधत भोकाजवळ आली. उन्हाचा जाड झोत वरून जमिनीपर्यंत पोचला होता. त्या झोतात तिला काहीतरी हलताना दिसले, म्हणून ती थांबली. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढत होती आणि तिच्याबरोबर बारीक, पांढरी भुकटी वर चालली होती. खाली सशाचे बीळ होते, साळिंदराचे होते, गव्याचा गोठा होता. प्रत्येकाच्या दारातून भुकटीची एकेक रेघ निघून वर येत होती. ती शेकरूच्या नाकासमोरून गेली आणि छताच्या पानांवर बसली. शेकरूने त्यातले एक पान ओढले. ते तिच्या पंजात चुरा झाले.

बुरशी चढत नव्हती, तिची भुकटी चढत होती. कोल्ह्याला बिचाऱ्याला हे माहीत नसणार, त्याला आधी सांगायला हवे, असे वाटून शेकरू फांद्यांवरून उड्या मारत त्याच्या बिळाकडे धावली.

बीळ रिकामे होते. आतल्या भिंतींवर जुनी कोळिष्टके होती. ती शोधत शोधत पार टेकडीपर्यंत गेली. तिथे एका भल्यामोठ्या कातळाखाली खोल कपारीत कोल्हीण आणि तिची पिल्ले पहुडली होती. कपारीच्या तोंडाशी कोल्हा बसला होता. वर जाड दगड. ऊन तिथे कधीच पोचणार नव्हते. कपारीत गारबुरशीचा एक कणही नव्हता.

"कोल्होबा, तुम्ही इथे राहायला कधी आलात?" शेकरूने विचारले.

"मागच्या पौर्णिमेलाच आलो," कोल्हीण आतून सहज बोलून गेली.

तेव्हा तर भोक पडलेच नव्हते. शेकरू कोल्ह्याकडे बघत राहिली. कोल्ह्याने नजर चुकवली नाही. हेच तिला सर्वांत भयंकर वाटले.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"वाटत होतं," कोल्हा म्हणाला. "तुलाही वाटत होतंच की. मी काल विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

शेकरू वळली आणि घराकडे पळत सुटली. आपल्याच घरट्यात गारबुरशी आहे आणि वरचे छत वीतभर अंतरावर आहे, हे तिच्या आत्ता लक्षात आले होते.

घरट्यावर ऊन पडले होते. सकाळी जिथे पाने होती तिथे आता निळे आभाळ होते. पिल्लू उताणे पडून त्या नव्या झगझगीत गोष्टीकडे टक लावून बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. शेकरूने त्याला हाक मारली. त्याने मान वळवली, पण भलत्याच दिशेला. त्याच्या डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती.

तिने पिल्लाला तोंडात धरले, ती खाली उतरली आणि गव्यासमोर जमिनीवर तिने त्याला ठेवले. शेकरू जमिनीवर आलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. हळूहळू सगळे जमले. भुकटी, कातळ, कपार, आपले कालचे अर्धवट उत्तर, सारे तिने सांगितले. कुणी वाद घातला नाही. पिल्लू वास घेत घेत चालू लागले आणि गव्याच्या खुरावर आपटले. गवा गोठ्यात गेला, आपली गारबुरशी बाहेर काढली आणि दलदलीच्या चिखलात खोल गाडून आला. मागोमाग सगळ्यांनी तेच केले. कासवाने वानरांना पुन्हा शेंड्यावर चढायला सांगितले. कोल्ह्याच्या दारात पुन्हा कुणी काही टाकले नाही.

तरी छत लगेच भरले नाही. वर गेलेली भुकटी वरच होती, ती पाने जाळतच राहिली. किती ऋतू उकाड्यात गेले. मग कधीतरी वेलीला एक कोंब फुटला, मग दुसरा.

पिल्लू आता मोठे झाले होते. फांद्या ते वासाने ओळखी. एके दुपारी आईशेजारी बसले असता ते म्हणाले, "आई, माझ्या तोंडावर गार लागतंय. हे काय आहे?"

"सावली," शेकरू म्हणाली.

तात्पर्य : कारण दिसत असूनही जे सोयीसाठी गप्प बसतात, त्यांच्या गप्प बसण्याची किंमत सभेत न बसलेली लेकरे मोजतात.