सीलच्या गुहेसमोर

"पण सिस्टर, सील माणसाच्या चाहुलीनं पळतं म्हणतात. मग तुम्ही गाताय कशाला?"

सिस्टर रोझालीन थांबल्या नाहीत. भूमध्य समुद्रातल्या त्या उजाड बेटावर, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेनं त्या वसईकडचं लग्नाचं गाणं म्हणत चालल्या होत्या. अर्धं आयुष्य इथल्या मठात गेलं, तरी सूर वसईचाच.

मागून हेमांगी. पुण्याहून एकटीच आलेली, मठातच उतरलेली. अख्खा आठवडा ती सीलच्या गुहेसमोर दगडाआड कॅमेरा घेऊन पालथी पडून होती. टोपी झुडपाच्या रंगाची, शर्ट झुडपाच्या रंगाचा, पँटला खिसेच खिसे. चाळिशी उलटलेली बाई कमी आणि वाळकं झुडूप जास्त.

"याच कपड्यांत ताडोब्याला वाघ दिसला होता मला," ती पुन्हा एकदा म्हणाली.

"वाघाला कीव आली असेल."

इथं मात्र नुसतं पाणी. आणि दुपारी परतीची बोट.

"रोज लपतेस?" सिस्टरनी विचारलं.

"श्वाससुद्धा जपून घेते."

"आणि घरी?"

हेमांगी हसली. "घरी लपावं लागत नाही. नवरा गेल्यापासून तशीही कुणाला दिसत नाही मी. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी भाजीची पिशवी माझ्या पायावर ठेवली. मीच सॉरी म्हटलं."

सिस्टर हसल्या नाहीत…

गुहेसमोर पोचल्यावर हेमांगी सवयीनं दगडाआड शिरली. सिस्टर उन्हात, उघड्या खडकावर बसल्या. शेजारची जागा हातानं झाडली.

"इथं ये, बाय."

"उघड्यावर? मग आलंच ते."

"दगडाआड दबा धरून कोण बसतं गं?"

"…शिकारी."

ती निमूटपणे येऊन बसली.

सिस्टरनी तिच्या डोक्यावरची टोपी काढून आपल्या मांडीवर ठेवली. कपाळावर आलेले केस, त्यातले पांढरेही, कानामागे सारले. आणि पुन्हा गायला लागल्या.

बराच वेळ गेला…

मग पाण्यातून एक गोल, ओलं डोकं वर आलं. मिशा. मोठ्ठे काळे डोळे.

हेमांगीचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. सील गुहेकडे बघत नव्हतं. गाणाऱ्या सिस्टरकडेही नाही.

"सिस्टर…" ती कुजबुजली. "ते माझ्याकडे बघतंय."

"मग बघू दे की."